नव्या मॉडेलचा वैरी

नवी रायफल घेऊन कोणी आमच्या रेंजवर आलं, की सर आधी त्याला पेटी बंद करायला लावायचे. काळी, लांब, आतून फोम लावलेली पेटी. मुलगा ती टेबलावर उघडून उभा असायचा, शेजारी वडील, कधी आई, कधी मोबाइलवर शूटिंग करणारी बहीण. सर दुरूनच ओरडत यायचे.

"बंद कर ते! कायले दाखवून राहिला? पेटी पाह्याले बोलावलं का मी तुले?"

मुलगा गोंधळून झाकण लावायचा. मग सर स्वतः ते पुन्हा उघडत, रायफल बाहेर काढत, आणि कंपनीचं माहितीपत्रक दोन बोटांत धरून बाजूला टाकत. "भोक दाखव मले. बाकी काई सांगू नको."

भोक म्हणजे दहा मीटरवर टांगलेल्या कार्डात छर्ऱ्यांनी पाडलेलं भोक. रायफल चांगली असेल तर पाच छर्रे एकाच्या अंगावर एक जातात आणि कार्डाला एकच नेटकं भोक पडतं. वाईट असेल तर भोक पसरतं. सरांच्या खाकी एप्रनच्या खिशात व्हर्निअर असायचं, त्याने ते भोक मोजायचे. मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. एकदा एका आईने आणलेला लाडू त्यांनी खाण्याआधी मोजलेला मी पाहिला आहे. ती बाई पुन्हा रेंजवर आली नाही.

अमरावतीला भातकुली रोडवर एका बंद पडलेल्या ऑइल मिलच्या शेडमध्ये आमची एअर रायफलची रेंज होती. सहा लेन, पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात आत भट्टी. सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झाले होते. स्वतः कधी कुठलं पदक जिंकलेले नव्हते, आणि कोणी त्यावरून टोमणा मारला तर म्हणायचे, "मी भाकर थापत नाई, तवा दुरुस्त करतो." शेडच्या एका कोपऱ्यात लाकडी बाक होतं, त्यावर बसवलेला लोखंडी शिकंजा. त्याच्या दोन्ही जबड्यांना त्यांनी मऊ लोकरी नमदा चिकटवला होता. त्यात रायफल आवळायची, माणसाचा हात न लावता छर्रे सोडायचे, आणि कार्ड काढून मोजायचं. माणूस हलतो, श्वास घेतो, घाबरतो. शिकंजा काही करत नाही. म्हणून खरं काय ते शिकंजाच सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

मी आठवीत असताना तिथे गेले आणि बी.ए. होईपर्यंत राहिले. आता अकोल्यात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सरांबद्दल लिहायला बसले की हात गरम होतात. प्रेमाने नाही. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्याशी जे झालं त्याचा त्याहून जास्त येतो. दोन्ही राग एकत्र सांगितल्याशिवाय हा माणूस सांगता येणार नाही.

कंपन्यांवर त्यांचा दात होता. दर दोन-तीन वर्षांनी परदेशातली एखादी मोठी कंपनी नवं मॉडेल काढायची. नावात एक अक्षर जास्त, रंग निळ्याचा लाल, खटक्याजवळ एक नवा स्क्रू, आणि किंमत अशी की ऐकणाऱ्याने भिंत धरावी. सर प्रत्येक मॉडेल कुठून ना कुठून मिळवायचेच. नागपूरला कोणाकडे आली, यवतमाळला कोणी घेतली, की एसटीने जायचे, पिशवीत शिकंजा घेऊन. पिशवी इतकी जड की कंडक्टर तिचं तिकीट मागायचा. रायफल मालकाच्या ओट्यावर ते शिकंजा बसवायचे, दहा छर्रे मारायचे, कार्डाच्या मागे तारीख लिहून परत यायचे. अशी कार्डं त्यांच्याकडे खोकीभर होती. ती पसरून ते आम्हाला समोर बसवायचे.

"सांगा यातली नवी कोणती?"

आम्ही बोट ठेवायचो. बहुतेक वेळा चुकायचो.

"हे बारा वर्षांपूर्वीचं भोक. हे यंदाचं. नळी तेच. नळी बनवनं त्याईले कवाचंच जमलं, भैताडांनो! आता ते रंग इकून राहिले."

त्यांनी कंपनीला पत्रंही लिहिली, इंग्रजीत, स्वतःच्या हाताने, सोबत कार्डं जोडून. एकदा उत्तर आलं. छान कागदावर आभार, नव्या मॉडेलचं माहितीपत्रक, आणि रायफलच्या आकाराचं कीचेन. ते कीचेन त्यांनी रेंजच्या संडासाच्या दाराच्या कडीला अडकवलं. मी तिथे होते तोवर ते तिथेच होतं.

रंग विकतात हे एक वेळ समजू शकतं, पण जुन्या रायफली ते कशा मारतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या क्लबच्या एका रायफलीच्या हवेच्या नळकांड्याच्या तोंडाशी असलेलं रबराचं कडं फाटलं. करंगळीत मावेल एवढं कडं. हवा सुटायला लागली. अकोल्याला एक विक्रेता होता, सगळ्या वऱ्हाडात या रायफली त्याच्याचकडून यायच्या. सरांनी त्याला फोन केला, स्पीकर चालू ठेवून.

"सर, ते मॉडेल बंद झालं ना," विक्रेता गोड आवाजात म्हणाला. "कंपनी आता त्याचे पार्ट देत नाही. तुम्ही जुनी मला द्या, मी नवीनमध्ये ॲडजस्ट करून देतो."

"मी कडं मागून राहिलो, भाऊ. कडं."

"तेच सांगतो ना, सर. कडं येत नाही. रायफल येते."

सरांनी फोन ठेवला आणि फाटलेलं कडं मोजलं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. कागदावर लिहिलं, माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि जुन्या कॉटन मार्केटजवळ ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडे मला घेऊन गेले. दुकानदाराने डबा पुढे सरकवला. सरांनी सत्तर-ऐंशी कडी एकेक करून मोजली. दुकानदार वैतागून गेला, गिऱ्हाइकं परत जायला लागली. शेवटी एक कडं बरोबर बसलं, आणि ते दाबही सोसेल असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. तरी सरांनी आम्हाला शेडबाहेर काढून एकट्याने हवा भरली. आठ दिवस रोज दाब मोजला, मगच ती रायफल मुलांच्या हातात दिली. एवढ्याशा रबरासाठी कंपनी एक उत्तम रायफल भंगारात काढायला निघाली होती. सरांचा राग खोटा नव्हता. तो कडी मोजून आलेला होता.

पण हाच राग माणसांवरही पडायचा, आणि तिथे त्याला माप नव्हतं.

मी अकरावीत असताना माझ्या वडिलांनी माझ्यासाठी नवी रायफल घेतली. बाबा वीज कंपनीत लाइनमन होते. अकोल्याच्या विक्रेत्याने त्यांना सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, जुनी रायफल तिला मागे खेचते. बाबांनी मला न सांगता घेतली. पेटी घेऊन ते रेंजवर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जसा ते लग्नाला घालायचे.

सरांनी ती रायफल शिकंज्यात आवळली, दहा छर्रे मारले. मग क्लबची लाकडी दस्त्याची जुनी रायफल आवळली, दहा मारले. दोन्ही कार्डं बाबांसमोर धरली. "कोन्तं तुमच्या नवीचं?"

बाबांनी नीट पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. डावीकडचं दाखवलं. ते जुनीचं होतं.

"पाह्यलं?" सर सगळ्या रेंजला ऐकू जाईल असे ओरडले. "तुमी रायफल नाई घेतली, भाऊ. तुमी निळा रंग घेतला. पोरीचे गुण वाढवाचे तं सकाळी उठवा तिले. दुकानात जाऊन गुण भेटत नाईत!"

पंधरा मुलं आणि त्यांचे पालक बघत होते. बाबा हसले. त्यांना अपमान झाला की हसायची सवय होती. "बरोबर आहे, सर," म्हणाले आणि मला म्हणाले, "मी बाहेर थांबतो." त्यानंतर ते मला सोडायला यायचे ते गेटपर्यंत. आत कधीच आले नाहीत. मी घरी रडले, सरांशी महिनाभर बोलले नाही. सरांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते स्वतःच कोणाशी फारसं बोलत नसत. ते बरोबर होते. बरोबर असण्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की समोरचा माणूस त्या बरोबर असण्याखाली चिरडतोय हे दिसायचं बंद झालं होतं.

मी कॉलेजात असताना तेल्हाऱ्याची एक मुलगी आली. तेरा वर्षांची, अंगाने बारीक, बुटकी, आणि नेम असा की सर तिच्या कार्डाकडे बघून दोन मिनिटं गप्प राहिले. सर गप्प राहिले म्हणजे खूप झालं. तिची आई अंगणवाडीत सेविका होती. मुलीला अमरावतीत मावशीकडे ठेवलं होतं, आई दर रविवारी एसटीने यायची.

मुलगी क्लबची जुनी रायफल वापरायची. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो मागचा लाकडी भाग, मोठ्या माणसाच्या मापाचा. तिला तो लांब पडायचा. खांदा मागे ओढून, मान वाकडी करून ती उभी राहायची. तीन महिन्यांत तिचा खांदा दुखायला लागला. ती सांगायची नाही. सरावानंतर डाव्या हाताने उजवा खांदा धरून बसायची. मला दिसायचं. मीही सरांना सांगितलं नाही, कारण माझाही खांदा दुखायचा आणि मी तो सहन करायचा असतो असं धरून चालले होते.

एका रविवारी तिची आई रेंजवर आली. तिने कोणाच्या तरी मोबाइलवर एका नव्या मॉडेलचं चित्र पाहिलं होतं. त्याचा दस्ता ॲल्युमिनियमचा, पुढे-मागे, वर-खाली सरकणारा, लहान मुलांनाही बसेल असा. तिने सरांना हळूच विचारलं, "सर, अशी रायफल पोरीले चांगली राहीन का?"

झालं. सरांनी तिला बाकाशी नेलं. शिकंजा दाखवला, खोक्यातली कार्डं दाखवली, नळी, भोक, रंग, स्क्रू, सगळं ऐकवलं. आवाज चढत गेला. ती बाई पदर घट्ट धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली. बाबांसारखी हसली नाही. सरांचं संपल्यावर म्हणाली,

"ते सगळं खरं असन, सर. पन तुमच्या शिकंज्याले खांदा नाई. माह्या पोरीले हाय. तो रातभर ठनकते."

शेडमध्ये एक छर्रा सुटला, तेवढाच आवाज. सरांनी मुलीला बोलावलं. "दुखते?" तिने आईकडे पाहिलं, मग मान हलवली. "मले काहून नाई सांगितलं?" तिच्याऐवजी आईच बोलली, "तुमाले कोन सांगन, सर?"

पुढच्या आठवड्यात सर अकोल्याला गेले. ज्या विक्रेत्याला ते फोनवर चोर म्हणायचे त्याच्या दुकानात. मला सोबत यायला सांगितलं, मुलीच्या आईलाही. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज खाली होता. ती सरकत्या दस्त्याची रायफल पंधरा दिवस वापरायला द्या, म्हणाले, मला बघायचंय. विक्रेता खूश झाला. "जरूर न्या, सर! परत आणाल तेव्हा कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला, बस. जे वाटलं ते. मनापासून."

पंधरा दिवस मुलगी त्या रायफलीने खेळली. सर बाकाकडे फिरकले नाहीत. तिच्यामागे स्टूल घेऊन बसायचे, आणि दर दहा छर्ऱ्यांनंतर विचारायचे. खांदा? मान? कंबर? वहीत लिहायचे. पाचव्या दिवशी तिने खांदा धरणं सोडलं. पंधराव्या दिवशी तिने रायफल पुसली, पेटीत ठेवली आणि झाकण लावायच्या आधी तिच्यावर एकदा हात फिरवला. ती रायफल घेणं त्या घराला शक्य नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

रायफल परत करताना सर बोलले. मी आणि मुलीची आई कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होतो. त्यांनी काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"नळी मी मोजली. बारा वर्षांपूर्वीच्या मॉडेलच्या अन् याच्या भोकात फरक नाई. ट्रिगर चांगला आहे, आधीचाबी चांगलाच होता. दस्ता मात्र चांगला केला. लहान पोरीले बसते. इतके दिवस मी हे पाह्यलं नाई, माही चुकी झाली. आता कंपनीले माह्यं एकच म्हननं आहे, दस्ता वेगळा इका. जुन्या रायफलीवर बसन असा द्या. एका दस्त्यापायी पुरी रायफल मायबापाच्या गळ्यात काहून मारता?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला आपली चूक झाली असं म्हणताना ऐकलं. बाहेर आल्यावर ते रसवंतीवर बसले आणि तीन ग्लास रस प्याले. हलके झाले होते.

चार दिवसांनी विक्रेत्याने व्हिडिओ टाकला. त्यात सरांची फक्त तीन वाक्यं होती. "दस्ता मात्र चांगला केला. लहान पोरीले बसते. इतके दिवस मी हे पाह्यलं नाई, माही चुकी झाली." मग संगीत, मग नव्या मॉडेलचं नाव, मग विक्रेत्याचा फोन नंबर. खाली लिहिलेलं, "वऱ्हाडातले सर्वात कडक परीक्षकही म्हणतात..."

एका माणसाने आयुष्यभर जी चूक कबूल केली नव्हती ती केली, आणि यांनी तिची जाहिरात केली.

अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, सगळीकडे तो व्हिडिओ फिरला. महिन्याभरात आमच्याच रेंजवर पाच नव्या पेट्या आल्या. उंच, दणकट मुलांच्यासुद्धा, ज्यांना जुने दस्ते झकास बसत होते. सर ओरडायला गेले की पालक हसून मोबाइल पुढे करायचे. "सर, तुमीच तं म्हनले." एकाने तर सरांना पेढा दिला. सरांनी तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही, मोजलाही नाही.

मग अकोल्यात विक्रेत्याने एका मंगल कार्यालयात प्रात्यक्षिक ठेवलं. सर गेले. मी सोबत होते, शिकंज्याची पिशवी माझ्या हातात होती. दीडशे-दोनशे माणसं होती. पुण्याहून राष्ट्रीय पातळीवरचा एक नेमबाज बोलावला होता. सर सरळ स्टेजजवळ गेले.

"माह्यं पुरं बोलनं दाखवा इथं. आत्ता."

विक्रेता हसला. "सर, लोकांकडे वेळ कुठे असतो? मुद्दा तर तोच ठेवला ना आपण."

"मुद्दा तुमी कापला!"

लोक कुजबुजायला लागले. विक्रेत्याला तमाशा नको होता. सर म्हणाले, व्हिडिओ नसेल तर चाचणी करू. टेबलाला शिकंजा लागला. नवं मॉडेल आणि एका क्लबची बारा वर्षं जुनी रायफल. दहा-दहा छर्रे. दोन कार्डं पुण्याच्या नेमबाजासमोर धरली. तो पोरगा प्रामाणिक होता. बराच वेळ बघून म्हणाला, "मला नाही सांगता येत." लोकांनी आग्रह केला तेव्हा त्याने एकावर बोट ठेवलं. ते जुनीचं निघालं.

सभागृहात टाळ्या पडल्या. खऱ्या, दणदणीत टाळ्या. काही लोक उभे राहिले, एकाने सरांच्या पायाला हात लावला. मला वाटलं, झालं, जिंकले. सर शिकंजा उघडायला लागले. मी मान वर करून पाहिलं, तर टाळ्या वाजवणारी तीच माणसं मागच्या टेबलाशी रांगेत उभी होती. बुकिंगच्या. जो पाया पडला तोही. मी त्याला विचारलं, काका, तुम्ही आत्ता पाहिलं ना? तो म्हणाला, "पाह्यलं ना, बाई. सर एकदम बरोबर आहेत. पन बाकीच्या पोराईजवळ नवी राहीन अन् माह्याजवळ जुनी, तं पोरगा मनातूनच हारते."

मला त्या माणसाच्या कानशिलात द्यावीशी वाटली. आणि तो खोटं बोलत नव्हता, म्हणून आणखीनच वाटली. कंपन्या नळी विकत नाहीत, दस्ताही विकत नाहीत. त्या ही भीती विकतात, आणि तिचं नवं मॉडेल काढायची गरजही पडत नाही.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुहा खांदा दुखते का?"

सहा वर्षं. सहा वर्षं मी त्या माणसासमोर उभी राहून रायफल उचलली होती. माझ्या कार्डांवरच्या भोकांचा दशांश त्यांना पाठ होता. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आता विचारता, सर? चार वर्षं झाली दुखून. उजव्या कुशीवर झोपता येत नाही मला. अन् माझ्या बाबांना तुम्ही पंधरा जणांसमोर भिकाऱ्याला बोलावं तसं बोलला होतात, ते तरी आठवतं का? ती रायफल मला खांद्याला बरी पडायची. मी ती तुमच्या भीतीने पेटीत ठेवली आणि क्लबचीच वापरली. बरोबर होते ना तुम्ही? मिरवा मग!"

समोरच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. सर मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले. बडनेरा आल्यावर म्हणाले, "आठवते. इस्त्रीचा शर्ट होता त्याईच्या अंगात." बस, एवढंच. माफी वगैरे त्यांना मागता येत नव्हती.

पुढचा दीड महिना ते रेंजवर फक्त सकाळी असायचे. दुपारी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत त्यांचा एक जुना विद्यार्थी कापड कारखान्यात फिटर होता, त्याच्याकडे. सुटीच्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, घासून, भोकं पाडून ते एक दस्ता बनवत होते. तेल्हाऱ्याच्या मुलीला त्यांनी भिंतीशी उभं करून खडूने मापं घेतली. हाताची लांबी, मानेची उंची, गालापासून खांद्यापर्यंतचं अंतर. चार वेळा बनवला, चार वेळा मोडला. पाचवा तिच्या खांद्यावर बसला. क्लबच्या त्याच जुन्या रायफलीवर, ट्रॅक्टरच्या कड्यावाल्या. दिसायला तो खाटेच्या पायासारखा होता. सहावा माझ्यासाठी होता. तो त्यांनी माझ्या हातात न देता गेटबाहेर उभ्या असलेल्या बाबांच्या हातात नेऊन दिला. ते दोघं काय बोलले मला माहीत नाही. बाबांनीही सांगितलं नाही. पण त्या दिवशी बाबांनी गाडी आत आणून लावली.

स्पर्धेत रायफल तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने तो दस्ता उलटसुलट करून पाहिला. माप घेतलं, वजन घेतलं. सगळं नियमात. "हे कोणतं मॉडेल?" त्याने विचारलं.

मुलगी म्हणाली, "मॉडेल नाई, सर. माप आहे. माह्यं."

तिला पदक मिळालं नाही. पण साठही छर्रे तिने खांदा न धरता मारले, आणि पुढच्या फेरीत गेली. बाहेर आल्यावर आई तिला मिठी मारते आहे तोच सर मागून ओरडत आले, "त्रेचाळीसावा काहून घाईत मारला तू? अं?" मुलगी हसली. पहिल्यांदाच त्यांना न घाबरता हसली.

त्यानंतर सरांना चार-पाच वर्षंच मिळाली. हृदयाचा झटका आला आणि गेले. शेड मालकाने परत घेतली. अंत्ययात्रेला आम्ही वीसेक जण होतो.

आणि तिसऱ्याच दिवशी विक्रेत्याने तोच व्हिडिओ पुन्हा टाकला. आता वर "भावपूर्ण श्रद्धांजली", सरांच्या फोटोला हार, आणि खाली पुढच्या मॉडेलचं नाव. लहान मुलांच्या मापाचा दस्ता कंपनीने आता खरंच वेगळा काढून त्याला वेगळी किंमत लावली होती, पण तो फक्त या पुढच्या मॉडेलवरच बसेल असा. जुन्यावर नाही.

मी त्याखाली सरांचं पुरं बोलणं लिहिलं. शब्दन्‌शब्द. तासाभरात ते पुसलं गेलं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं गेलं. तक्रार केली तर उत्तर आलं की व्हिडिओत नियमाविरुद्ध काही नाही. मी विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला, "ताई, सरांबद्दल आम्हालाही आदर आहे." मी फोन भिंतीवर फेकला नाही, कारण तो पुन्हा लिहायला लागणार होता.

वर्ष झालं. शाळेत जाण्याआधी चहा घेताना मी रोज ते लिहिते. हे वेड आहे, नवरा म्हणतो. असेल. परवा सकाळी मोबाइल उघडला, तर मी लिहायच्या आधीच कोणीतरी लिहिलेलं होतं. नळी मी मोजली, इथपासून गळ्यात काहून मारता, इथपर्यंत. काना-मात्रा चुकलेल्या, पण एकही शब्द गळलेला नाही. नाव पाहिलं. तेल्हाऱ्याच्या मुलीची आई. सर बोलले तेव्हा कॅमेऱ्यामागे तीही उभी होती, माझ्याशेजारी.

शेवटी तिने स्वतःच्या पदरची एक ओळ घातली होती.

"पुसा. मी उद्या पुना लिहीन."